उगवलं का काही?

गेल्या पावसाळ्यात आमच्या भाजीवाल्याने कोथिंबीर फुकट द्यायचं बंद केलं. तशी काही पाटी लावली नाही त्याने. मी आपला नेहमीसारखा भेंडी, टोमॅटो, मिरच्या घेऊन पिशवीचं तोंड उघडं धरून उभा राहिलो आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाची तोंडली तोलायला लागला. पिशवी उघडीच. शेवटी मीच म्हटलं, "चार काड्या कोथिंबीर टाका की." तो म्हणाला, "साहेब, जुडी साठ रुपये चाललीय." आणि माझ्या पिशवीकडे असं काही बघितलं, की आता हा मिरच्याही परत मागतो की काय, असं मला वाटलं.

त्या रात्री जेवताना मी जाहीर केलं, "यापुढे या घरात कोथिंबीर विकत यायची नाही."

"म्हणजे खायची नाही?" बायकोने विचारलं.

"खायची. पण घरची."

आईने टीव्हीचा आवाज कमी केला. आमच्याकडे तो फक्त वादळाची बातमी असेल तेव्हा कमी होतो. आई कोकणातली. तिच्या माहेरी परसात खरकटं पाणी फेकलं, तरी चार महिन्यांनी तिथे भोपळा धरायचा. त्यामुळे काहीतरी उगवण्यासाठी माणसाने खटपट करावी लागते, हेच तिला मान्य नाही. मी वाढलो डोंबिवलीत, तिसऱ्या मजल्यावर. शेतीशी माझा संबंध सातबाऱ्यावर काकांचं नाव आहे एवढाच.

पाऊस सरला, ऑक्टोबरचं ऊन तापलं आणि मी नर्सरीत गेलो. मला हवी होती एक कुंडी आणि तेवढी माती. पण नर्सरीवाला साड्यांच्या दुकानातून आलेला असावा. "थंडीची फुलं नाही लावणार साहेब? आत्ता नाही तर मग पुढच्या वर्षीच," असं तो अशा सुरात म्हणाला, की मी पेटुनिया घेतली. झिनिया 'कुणालाही येते' म्हणून घेतली. बेसिल घेतली ती इटालियन, म्हणून. पाकिटात मोजून चाळीस बिया, किंमत एकशे वीस रुपये. शिवाय ट्रे, शेणखत, फवारा मारायची बाटली आणि पाच किलोची कोकोपीटची वीट. एकूण १,३४० रुपये. एव्हाना जुडी वीस रुपयांवर उतरली होती. म्हणजे सदुसष्ट जुड्या. हा हिशेब मी कुणाला सांगितला नाही. बायकोने तो बिल बघून उभ्या उभ्या केला.

कोकोपीटबद्दल मला दोन शब्द बोलायचे आहेत. ही वीट दिसायला पाटावर मावेल एवढी. तिला पाण्यात भिजवायचं, मग ती फुलते, असं नर्सरीवाल्याने सांगितलं होतं. फुलते म्हणजे पोहे फुलतात तशी, अशी माझी समजूत. मी तिला बाथरूममधल्या बादलीत ठेवलं, वरून नळ बारीक सोडून ठेवला आणि पेपर वाचायला बसलो. पाच किलोची वीट पुरतं पाणी प्यायली की सत्तर लिटरच्या आसपास भुसा देते. आमची बादली वीस लिटरची. अर्ध्या तासाने बाथरूममधून मुलाची हाक आली, "बाबा, बादलीतून काहीतरी बाहेर येतंय." बादलीच्या वर तेवढाच ढिगारा उभा होता आणि मधोमध विटेचा गाभा अजून कोरडाच, पाणी मागत होता. मग घरातली सगळी भांडीकुंडी निघाली. पिठाची परात, इडलीचं पातेलं, मुलाचा लहानपणीचा टब. मोरीच्या जाळीत भुसा अडकला तो वेगळाच.

आई दाराशी येऊन उभी राहिली. चिमूटभर भुसा उचलून तिने बोटांत चुरगळला, वास घेतला.

"नारळाचा भुसा हा."

"हो, कोकोपीट."

"आम्ही चुलीत घालायचो. हा विकत आणलास?"

वर या भुशात पोषण असं काहीच नसतं, तो फक्त ओल धरून ठेवतो, म्हणून शेणखत वेगळं आणायचं. हे ऐकल्यावर आई पुन्हा टीव्हीसमोर जाऊन बसली.

ओला भुसा मी गॅलरीतल्या ग्रिलवर निथळत ठेवला. नवा कोकोपीट निथळला की त्यातून चहाच्या रंगाचं पाणी निघतं. हे मला दुसऱ्या दिवशी खालच्या काकूंनी सांगितलं, हातात काकांचा पांढरा सदरा धरून. डाग निघाला नाही. पण माणूस मनाने मोठा. आठवड्याने जिन्यात भेटल्या तर म्हणाल्या, "काय, उगवलं का काही?"

पेरणी मी घरातली सगळी झोपल्यावर केली. उगाच प्रेक्षक कशाला? पेटुनियाच्या बिया खसखशीच्या दाण्याहूनही बारीक असतात. त्यांना उजेड लागतो, म्हणून मातीत पुरायच्या नाहीत, नुसत्या वर भुरभुरायच्या. इतकं सगळं मी वाचून ठेवलं होतं. पंखा बंद करायचा असतो हे कुठे लिहिलेलं नव्हतं. पाकीट कापलं, तळहातावर उलटं केलं आणि तळहात रिकामाच राहिला. क्षणभर वाटलं, फसवलं की काय नर्सरीवाल्याने. मग लक्षात आलं, दिवाणखान्यात आता कुठे ना कुठे शंभरेक पेटुनिया आहेत. तरी ट्रेवर थोड्या पडल्या असतील अशा श्रद्धेने मी फवारा मारला.

कोथिंबिरीचं बियाणं मात्र घरचं. मांडणीवर वरच्या फळीला धन्यांचा डबा असतो. झाकण उघडलं तर काय खमंग वास! मी मनात म्हटलं, दर्जा बघा बियाण्याचा. मूठभर धने कुंडीत पेरले, वर बोटभर माती, वर पाणी.

आणि मग वाट बघणं सुरू झालं.

माझा जन्म लोकलची वाट बघण्यात गेला आहे. पण तिथे निदान इंडिकेटर असतो. मातीला इंडिकेटर नाही. सकाळी दात घासत मी गॅलरीत, ऑफिसातून आलो की बूट न काढता गॅलरीत, रात्री मोबाइलचा टॉर्च लावून गॅलरीत. समोरच्या बिल्डिंगमधल्यांनी पडदे लावून घ्यायला सुरुवात केली. बायको म्हणाली, "बाळ रडायचं तेव्हा उठला नाहीस कधी." झिनिया पाचव्या दिवशी उगवली, पण आमच्या ग्रिलला ऊन दहा वाजेपर्यंतच. रोपं नुसती उंच होत गेली आणि सगळी बाहेरच्या बाजूला कलली. सकाळच्या आठ-सोळाच्या लोकलला दारात लटकलेली माणसं जशी दिसतात, अगदी तशी.

कोथिंबीर मात्र ढिम्म. आठ दिवस झाले, दहा झाले. धने सावकाश उगवतात हे मला ठाऊक होतं, म्हणून मी धीर धरला. बाराव्या दिवशी टूथपिकने थोडं उकरून बघितलं. धना जसाच्या तसा. पुन्हा झाकला, पाणी घातलं. तोपर्यंत बातमी सोसायटीभर झाली होती. वॉचमन गेट उघडताना विचारायचा, "साहेब, उगवलं का?" दूधवाला विचारायचा. सेक्रेटरींनी तर मेंटेनन्सची पावती देताना विचारलं. नोकरीत बढतीची वाट बघत होतो तेव्हाही इतक्या लोकांनी चौकशी केली नव्हती.

सोळाव्या दिवशी, रविवारी, आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "या डब्यातले धने कोणी घेतले?"

"मी. पेरले."

आत शांतता. मग बायको लगबगीने बेडरूममध्ये गेली आणि तिने दार लावून घेतलं.

"अरे," आई म्हणाली, "ते भाजून ठेवले होते मी. गोड्या मसाल्याचे. दगडफूल संपलं म्हणून मसाला राहिला होता."

बेडरूममधून उशीत तोंड खुपसून हसल्यासारखा आवाज येत होता. भाजलेल्या बीला पुनर्जन्म नाही, हे मी लहानपणी कीर्तनात ऐकलं होतं. सोळा दिवस रोज दोन वेळा पाणी घालून ते मी सिद्ध केलं.

यानंतर सूत्रं आईकडे गेली. तिने कच्चे धने पोळपाटावर घेतले आणि लाटण्याने हलकेच रगडले. प्रत्येक धन्याचे दोन भाग झाले. आपण ज्याला एक धना म्हणतो ते खरं तर फळ असतं आणि त्यात दोन बिया असतात. पंचेचाळीस वर्षं धने खाऊन मला हे माहीत नव्हतं. रात्रभर भिजवून तिने ते पेरले, वर माती भुरभुरली आणि मला ताकीद दिली, "हात लावायचा नाही. वापसा आल्याशिवाय पाणी घालायचं नाही." वापसा म्हणजे माती ओली खरी, पण चिखल नाही, हाताला चिकटत नाही, अशी वेळ. शेतकऱ्याला ती पायाखाली कळते. मला कळेना, म्हणून मी दर दोन तासांनी बोट खुपसून बघत होतो.

नवव्या दिवशी सकाळी कुंडीतली माती एका जागी झाकणासारखी उचललेली दिसली. खाली वाकून बघितलं. एक पांढुरका देठ, दुमडलेल्या हेअरपिनसारखा, मान अजून मातीत. संध्याकाळपर्यंत मान बाहेर आली. डोक्यावर धन्याचं अर्धं टरफल, वाकडी टोपी घातल्यासारखं. दुसऱ्या दिवशी टोपी पडली आणि दोन पानं उघडली. लांबट, अरुंद, बिनकातऱ्याची. कोथिंबिरीशी काहीही साम्य नाही. माझ्या पोटात गोळा आला, आता हे कोणत्या मसाल्याचं निघालं? पण कोथिंबिरीची पहिली दोन पानं अशीच असतात. नक्षीचं पान त्यानंतर येतं. मी वॉचमनला फोन करून सांगितलं, "उगवलं."

आनंदाच्या भरात मी पाणी वाढवलं. चार दिवसांनी अर्धी रोपं जमिनीलगत मऊ पडून आडवी झाली होती. माती सतत ओली राहिली की बुरशी धरते आणि कोवळा देठ बुडातून सडतो. शेतकरी याला मर म्हणतात. आई काही बोलली नाही, फक्त पाण्याची बाटली उचलून देवघराच्या वर ठेवली, जिथे माझा हात पोचतो पण हिंमत पोचत नाही.

बेसिलची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती फार काळ सांगण्यासारखी नाही. बिया ओल्या मातीवर टाकल्या आणि दहा मिनिटांत प्रत्येकीभोवती पारदर्शक बुडबुडा आला. मुलगा म्हणाला, "बाबा, हा तर फालुदा!" मी त्याला समजावायला गेलो, की ही इटालियन आहे, हिचा पास्त्यावर मान आहे. मग नाव शोधलं. ऑसिमम बॅसिलिकम. आणि आमच्या स्वयंपाकघरात काचेच्या बरणीत असलेला सब्जा? तोही ऑसिमम बॅसिलिकम. जात एक, वाण तेवढा वेगळा. आईने त्याच दिवशी बरणीतला चिमूटभर सब्जा आइसक्रीमच्या रिकाम्या डब्यात टाकला. तिचा आधी उगवला. पास्त्यावर दोन्ही घालून बघितली. मुलगा म्हणाला, "आजीची चांगली आहे."

पेटुनियाच्या ट्रेमध्ये मात्र एक, फक्त एक रोप तरारून वर आलं. वाऱ्यातून वाचलेलं. मी त्याला काडीचा आधार दिला, मोठ्या कुंडीत हलवलं, पाहुण्यांना दाखवलं. आई पंधरा दिवस मावशीकडे गेली होती. ती परत आली, चप्पल काढतानाच तिची नजर गेली.

"माठ छान आलाय रे. एकच का लावलास?"

नीट न कुजलेल्या शेणखतातून अशा बिया फुकट येतात. त्या १,३४० रुपयांत फुकट आलेली ती एकमेव वस्तू. दुसऱ्या दिवशी तिची लसूण घालून परतलेली भाजी झाली, माणशी दीड घास. मी माझा दीड घास ताटात बराच वेळ ठेवला होता.

उरलेली कोथिंबीर जानेवारीत बघण्यासारखी झाली. कुंडी गच्च भरली, हात फिरवला की गॅलरीभर वास. एका रविवारी पोहे झाले आणि बायको कात्री घेऊन गॅलरीकडे निघाली. मी आडवा उभा राहिलो. "अगं, आत्ताच कुठे जोर धरलाय. दोन दिवस थांब." तिने कात्री माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "मग तू कर काय ते." मी खाली उतरलो, भाजीवाल्याकडून दहा रुपयांची जुडी आणली आणि गुपचूप चिरून पोह्यांवर पेरली. तिने काही विचारलं नाही. पण पुढचे चार रविवार तिने पोह्यांना फोडणी दिली की मला पैसे काढून द्यायला सुरुवात केली. भाजीवाला म्हणाला, "साहेब, हल्ली कोथिंबीर फार लागते तुम्हाला."

फेब्रुवारीत ऊन वाढलं. कोथिंबिरीने मधोमध एक दांडा वर काढला, पानं बडीशेपेसारखी बारीक झाली आणि माथ्यावर पांढऱ्या फुलांच्या छत्र्या आल्या. फुलोऱ्यावर आली की पानांची चव गेली. चार महिन्यांत त्या कुंडीतलं एकही पान कोणी खाल्लं नव्हतं. आई म्हणाली, "आता राहू दे. धने धरतील."

धरले. मार्चअखेरीस दांडे वाळले तेव्हा आईने ते सुपात झटकले, फुंकर मारून काडीकचरा उडवला आणि धने वाटीत काढले. जेमतेम अर्धी वाटी भरली. तिने एक दाताखाली फोडला, मान हलवली.

"चांगले आहेत. दगडफूल आणलंय मी कालच. भाजू?"

मी वाटी तिच्या हातातून घेतली. सध्या ती माझ्या कपाटात आहे, पासपोर्ट आणि फ्लॅटच्या कागदांच्या खणात. किल्ली मी ऑफिसला जाताना बरोबर नेतो.