पिक्सेलची वसुली

पडद्यावर चित्र दिसतंय. तेच चित्र फाइलमध्ये हवंय. मागणी एवढीच. ग्राफिक्स प्रोग्रॅमिंगशी संबंध नसलेल्या माणसाला हे सांगितलं, तर तो म्हणतो, "मग घे की!" त्याचं काहीच चुकत नाही. ओपनजीएलमध्ये, म्हणजे ग्राफिक्स कार्डाशी बोलण्याच्या एका प्रमाणित इंटरफेसमध्ये, या कामाला जीएलरीडपिक्सेल्स नावाचं फंक्शन १९९२ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. सात पॅरामीटर: एक्स, वाय, रुंदी, उंची, फॉरमॅट, टाइप आणि माल कुठे उतरवायचा तो पत्ता. गोम या सातांत नाही. जे पॅरामीटर त्यात नाहीतच, त्यांत आहे.

जीपीयूला, म्हणजे ग्राफिक्स चिपला, काम देणं सोपं आणि त्याच्याकडून काही परत मिळवणं म्हणजे वसुली. पण हा ऋणको मोठा सभ्य. "नाही" कधी म्हणत नाही. मागाल तेव्हा काहीतरी हातावर ठेवतो, आणि ते काय आहे हे आपण घरी जाऊन बघायचं.

बहुतेकांच्या हातावर पहिल्यांदा पडतं ते काळंकुट्ट चित्र. पहिला संशय स्वॅपवर घ्यावा. डबल बफरिंगमध्ये आपण पडद्यामागच्या, न दिसणाऱ्या बॅक बफरवर रंगवतो आणि स्वॅप झालं की तो समोर येतो. त्यानंतर बॅक बफरमध्ये काय उरतं, याची हमी कोणी देत नाही. म्हणजे स्वॅप करून मग रीडपिक्सेल्स बोलावणं हे शुद्ध वरातीमागून घोडं. वाईट म्हणजे काही ड्रायव्हरांवर हे घोडंही वेळेवर पोचतं. तिथे मागची फ्रेम जशीच्या तशी मिळते, सगळे खूश होतात, आणि दुसऱ्याच्या मशीनवर रात्र पडते. ब्राउझरमध्ये वेबजीएलची तऱ्हा तीच. कॉन्टेक्स्ट बनवताना प्रिझर्व्हड्रॉइंगबफर खरं ठेवलं नसेल, तर फ्रेम दाखवून झाल्यावर कॅनव्हास रिकामा धरायचा. वाचायचं ते रंगवल्या रंगवल्या, त्याच कॉलबॅकमध्ये.

दुसरा संशयित म्हणजे चुकीचा फ्रेमबफर. (फ्रेमबफर म्हणजे चित्र जिथे रंगवलं जातं ती जागा.) लिहिण्याचा आणि वाचण्याचा फ्रेमबफर वेगवेगळे बांधता येतात. आपण ऑफस्क्रीन, म्हणजे पडद्यावर न दिसणारा, फ्रेमबफर फक्त ड्रॉ टार्गेटला बांधला, तर रीडपिक्सेल्स इमानेइतबारे खिडकीचाच फ्रेमबफर वाचत बसतं. शिवाय त्याच्या आत कुठला रंगबफर वाचायचा, हे जीएलरीडबफर ठरवतं: खिडकीसाठी मुळात बॅक, ऑफस्क्रीनसाठी कलर अटॅचमेंट (त्याला जोडलेला रंगबफर) शून्य. दोन अटॅचमेंटवर रंगवणाऱ्याने दुसरी मागायची असेल तर तसं सांगावं लागतं. मौनाचा अर्थ शून्य.

थेट खिडकीतून वाचण्यात आणखी एक गंमत आहे. आपल्या खिडकीवर दुसरी खिडकी पडली असेल, तर झाकलेले पिक्सेल आपल्या मालकीचे राहत नाहीत. तिथे काय मिळेल ते अनिश्चित, आणि काही व्यवस्थांमध्ये आपल्या सुंदर डोंगररांगांच्या मधोमध कोणाच्या तरी चॅटची चौकट येते. म्हणून माझं ठाम मत: जे वाचायचं ते ऑफस्क्रीन फ्रेमबफरमध्ये रंगवावं. तिथे मालकीहक्काचे दावे चालत नाहीत.

काळोख संपला की चित्र उगवतं, तेही शीर्षासनात. ओपनजीएलचा आरंभबिंदू खाली डावीकडे, त्यामुळे पहिली ओळ म्हणजे सगळ्यांत खालची. बहुतेक इमेज फॉरमॅट वरून सुरू होतात. उपाय सोपा: आय क्रमांकाची ओळ आणि उंची वजा एक वजा आय क्रमांकाची ओळ यांची अदलाबदल. पण लूप फक्त अर्ध्या उंचीपर्यंत न्यायचा. पूर्ण उंचीपर्यंत नेला, तर लूपचा पहिला अर्धा भाग चित्र उलटवतो, मग दुसरा अर्धा ते पुन्हा पहिल्यासारखं करतो, आणि इतकी मेहनत करून चित्र जिथल्या तिथे. बघणाऱ्याला वाटतं, फंक्शन चाललंच नाही. ते दोनदा चाललं.

इथे बीएमपी नावाचा आगाऊ मदतनीस भेटतो. त्याच्या ओळी सहसा खालून वर, रंगांचा क्रम निळा, हिरवा, लाल, आणि प्रत्येक ओळ चार बाइटच्या पटीत. ओपनजीएलकडून बीजीआर फॉरमॅट मागितला आणि बाकी सेटिंगं मुळातलीच ठेवली, तर हे तंतोतंत जुळतं. त्यामुळे पहिला प्रयोग बीएमपीवर करणाऱ्याला सगळं एका झटक्यात जमतं आणि आपण जन्मजात हुशार आहोत अशी त्याची समजूत होते. पुढे फक्त फाइल पीएनजी करायची असते. मग चित्र उलटं होतं, चेहरे निळे पडतात आणि वर सगळं तिरकंही होतं.

या तिरकेपणावर थोडं थांबायला हवं, कारण मला तो सगळ्यांत कावेबाज वाटतो. पॅक अलाइनमेंट ही सेटिंग मुळात ४ असते, म्हणजे प्रत्येक ओळ चारने भाग जाणाऱ्या जागी सुरू होते. रुंदी १३६६ आणि आरजीबी तीन बाइटचं असेल, तर ओळ ४०९८ बाइटची. चारने भाग जात नाही, म्हणून ड्रायव्हर दोन बाइट सोडतो आणि पुढची ओळ ४१००वर सुरू करतो. आपण मात्र ४०९८च्या हिशेबाने वाचतो. दर ओळीला दोन बाइटची, म्हणजे दोन तृतीयांश पिक्सेलची घसरण. ७६८ ओळींत चित्र सुमारे ५०० पिक्सेल कलंडतं. त्यातून दोन बाइटनी सरकल्यावर लालच्या जागी दुसराच रंग येतो, दर तीन ओळींनी चक्र पूर्ण होतं, आणि लांबून सगळं करडं दिसतं. एकदा ही खूण ओळखता आली की जन्मभर विसरत नाही: करडं आणि कललेलं दिसलं की अलाइनमेंट.

कावा हा की १९२०, १२८० आणि ८०० या तिन्ही रुंदींना चारने भाग जातो. चाचणी नेमकी याच मापांवर होते. वापरकर्ता खिडकीचा कोपरा धरून जरा ओढतो आणि मग बिंग फुटतं. शिवाय बफर रुंदी गुणिले उंची गुणिले तीन एवढाच घेतलेला असेल, तर वरच्या मापात सुमारे दीड हजार बाइट त्याच्या बाहेर लिहिले जातात. प्रोग्रॅम तेव्हा काही बोलत नाही. नंतर भलत्याच ठिकाणी, बहुधा एखाद्या निरुपद्रवी स्ट्रिंगची मेमरी सोडताना कोसळतो, आणि सगळे मिळून त्या स्ट्रिंगची चौकशी करतात. इलाज एका ओळीचा: वाचण्याआधी जीएलपिक्सेलस्टोअरआय बोलावून पॅक अलाइनमेंट १ करावी. पॅक! अनपॅक ही टेक्श्चर (वस्तूवर चिकटवायचं चित्र) जीपीयूकडे चढवतानाची सेटिंग. ती बदलून "तरीही तिरकंच येतंय" म्हणणाऱ्यांची संख्या कमी नाही.

सरळ आरजीबीए मागितलं तर चार बाइटमुळे हा प्रश्नच मिटतो. त्याच्या जागी दुसरा येतो. खिडकीत दाखवताना अल्फाकडे, म्हणजे पारदर्शकतेच्या आकड्याकडे, सहसा कोणी बघत नाही, पीएनजी बघणारा मात्र बघतो. ब्लेंडिंगने, म्हणजे रंग एकमेकांत मिसळण्याने, फ्रेमबफरमधला अल्फा कमीजास्त करून ठेवलेला असतो, त्यामुळे धूर, काच आणि पाणी जिथे जिथे होतं तिथे तिथे फाइलला भोकं. जतन करताना सगळे अल्फा २५५ करून टाकावेत. फार विचार करू नये.

चित्राचा डावीकडचा खालचा पाव भागच आला, तर पडदा जास्त घनतेचा आहे. खिडकी ८०० बाय ६००ची असली तरी फ्रेमबफर १६०० बाय १२००चा असतो. जीएलएफडब्ल्यू या खिडक्या उघडून देणाऱ्या लायब्ररीत विंडोसाइझ न विचारता फ्रेमबफरसाइझ विचारायचं. आणि मल्टिसॅम्पल (दर पिक्सेलला अनेक नमुने ठेवणारा) ऑफस्क्रीन फ्रेमबफर वाचायला गेलात, तर थेट इनव्हॅलिड ऑपरेशनची एरर मिळते. आधी ब्लिटफ्रेमबफरने साध्या फ्रेमबफरमध्ये उतरवा, मग वाचा. या सगळ्या प्रकरणात तोंडावर चूक सांगणारा हा विरळा सज्जन. अर्थात जीएलगेटएरर बोलावलं तरच.

आता चित्र सरळ, रंगीत, अपारदर्शक आणि पूर्ण आहे. फक्त प्रोग्रॅम चालत नाही, रांगतो.

हिशेब करू. १९२० बाय १०८०, चार बाइट: ८२,९४,४०० बाइट एका फ्रेमला. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे ५० कोटी बाइटच्या किंचित आत. आकडा भारदस्त वाटतो, पण पीसीआय एक्सप्रेस ३.०च्या सोळा लेनमधून याच्या कितीतरी पट माल जाऊ शकतो. मग वेळ कुठे जातो? वाट बघण्यात. सीपीयू हुकूम देतो ते रांगेत पडतात, आणि जीपीयू एखाद-दोन फ्रेम मागून आपल्या गतीने ते उरकत असतो. दोघं एकमेकांकडे बघत नाहीत, म्हणूनच काम पळतं. रीडपिक्सेल्स आलं की आधीचं सगळं रंगवून होईपर्यंत सीपीयूला हात बांधून उभं राहावं लागतं. मग माल मिळतो, तोवर जीपीयूची रांग रिकामी झालेली असते आणि आता तो बसून राहतो. १६.६७ मिलिसेकंदांच्या फ्रेममध्ये दोघांनी आळीपाळीने विश्रांती घेतली, तर ६० फ्रेम कुठून येणार?

प्रोफायलर, म्हणजे कुठे किती वेळ गेला ते मोजणारं साधन, मात्र सगळा वेळ रीडपिक्सेल्सच्या नावावर लिहितो. चोर सोडून संन्याशाला फाशी. तीन शेडर (जीपीयूवर चालणारे रंगकामाचे प्रोग्रॅम) जड असतात, पण त्यांचा वेळ या बिचाऱ्याच्या खात्यावर. त्यावर कोणीतरी तोडगा काढतो की पूर्ण चित्र कशाला, एकच पिक्सेल वाचू. चार बाइट. वाट तेवढीच बघावी लागते.

खरा उपाय पिक्सेल बफर ऑब्जेक्ट, म्हणजे पीबीओ. ओपनजीएल २.१पासून, २००६ पासून तो मूळ संचात आहे. असे तीन बफर करायचे, प्रत्येकी ८२,९४,४०० बाइटचे, स्ट्रीम रीड प्रकारचे. एक पिक्सेल पॅक बफर म्हणून बांधला की रीडपिक्सेल्सचा शेवटचा पॅरामीटर पत्ता राहत नाही, बफरमधला ऑफसेट होतो. तिथे शून्य द्यायचं. फंक्शन लगेच परत येतं. माल मागाहून, जीपीयूच्या सवडीने बफरमध्ये पडतो. या फ्रेमची मागणी एका बफरमध्ये नोंदवायची आणि दोन फ्रेमपूर्वीचा बफर मॅप करून, म्हणजे सीपीयूला दिसेल असा करून, वाचायचा. पहिल्या दोन फ्रेमना वाचण्यासारखं काही नसतं, ते सोडून द्यायचं. आणि रेकॉर्डिंग थांबवताना बफरांत अडकलेल्या शेवटच्या दोन फ्रेम आठवणीने काढायच्या, नाहीतर प्रत्येक व्हिडिओ शेवटच्या क्षणाआधीच संपतो.

हे सगळं करून काही उत्साही मंडळी मागणी नोंदवल्यावर पुढच्याच ओळीत तोच बफर मॅप करतात. मग वाट बघण्याची जागा रीडपिक्सेल्सवरून मॅपबफरवर जाते, एवढीच प्रगती. माल आला की नाही हे न थांबता विचारायचं असेल, तर ओपनजीएल ३.२पासून फेन्स, म्हणजे जीपीयूच्या रांगेत रोवायची खूण, आहे. मागणीनंतर फेन्सिंक टाकायचा आणि क्लायंटवेटसिंकला शून्य मुदत देऊन विचारायचं. फ्लशचा बिट लावायला विसरू नका. फेन्स जीपीयूकडे पाठवलाच नाही, तर उत्तर "अजून नाही" असंच येत राहील, आणि तेही खरंच असेल.

काम झालं की बफर सोडून शून्य बांधायचा. ते राहिलं, तर दुसऱ्या कोणीतरी लिहिलेलं साधं रीडपिक्सेल्स आपला पत्ता देतं, ओपनजीएल त्याला ऑफसेट समजतं, तो ऑफसेट बफरच्या पार बाहेर पडतो, एरर येते आणि त्याच्या ॲरेत काहीच उतरत नाही. पुन्हा काळं चित्र, आणि यावेळी गुन्हेगार दुसऱ्याच फाइलमध्ये.

व्हल्कन या नव्या ग्राफिक्स इंटरफेसमध्ये असलं लाघवी फंक्शनच नाही. इमेजचा लेआउट बदला, बफरमध्ये कॉपी करा, फेन्सची वाट बघा, मॅप करा, सगळं स्वतः. बफरची मेमरी नुसती होस्ट व्हिजिबल (सीपीयूला दिसणारी) घेतली आणि ती कॅश होत नसली, तर वाचन असं कासवगतीने होतं की आपण पुन्हा रीडपिक्सेल्सची आठवण काढतो. होस्ट कॅश्ड मागावी. डायरेक्टथ्रीडी १२ आणि वेबजीपीयू या आणखी दोन इंटरफेसांत ओळ २५६ बाइटच्या पटीत लागते, म्हणजे १३६६ रुंदीची ५४६४ बाइटची ओळ ५६३२ची होते. आरजीबीएने मिटवलेला तिरकेपणा इथे मागच्या दाराने परत.

उरला एक पिक्सेल, माऊसखालचा. प्रत्येक वस्तूला तिच्या क्रमांकाच्या रंगात रंगवायचं आणि क्लिकच्या जागचा रंग वाचून वस्तू ओळखायची, ही जुनी युक्ती अजूनही उत्तम आहे. वाय उलटा करून, उंची वजा एक वजा वाय घ्यायचा. ब्लेंडिंग, अँटिअलायझिंग आणि डिदरिंग तिन्ही बंद करायचे. डिदरिंग (रंगछटा ठिपक्यांनी भासवणं) मुळात चालू असतं हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. त्याहून बरं म्हणजे ३२ बिटी पूर्णांकाचं टेक्श्चर घेऊन रेड इंटिजर फॉरमॅटने वाचणं, आणि ते साध्या जीएलक्लिअरने न पुसता क्लिअरबफरयूआयव्हीने पुसणं. नाहीतर कडा गुळगुळीत करण्याच्या नादात क्रमांकांची सरासरी निघते, आणि ४ क्रमांकाच्या टेबलाच्या कडेवर, मागे ८ क्रमांकाची खुर्ची असताना क्लिक केलं, की खोलीच्या दुसऱ्या टोकाला असलेला ६ क्रमांकाचा दिवा निवडला जातो.