'किल्ला'वर अडलेला भाचा

शाळेत पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी हवी की नको, यावर २०२५ मध्ये महाराष्ट्रात रण माजलं. एप्रिलमध्ये शासन निर्णय निघाला, जूनमध्ये सुधारित निघाला आणि महिनाअखेरीस सरकारने दोन्ही मागे घेतले. मी बर्मिंगहॅममध्ये बसून सगळं वाचत होते. एक मुद्दा सारखा यायचा: लिपी एकच आहे, मग मुलांवर ओझं कसलं?

मला हा मुद्दा मुळीच पटत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात मी गावी गेले होते. भाच्याची दुसरी नुकतीच संपली होती. त्याने मराठीचा धडा घडाघडा वाचून दाखवला, आईने कौतुकाने पाठीवरून हात फिरवला. मी सहज मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं, "एवढाच वाच बरं." शब्द होता 'किल्ला'. तो गप्प झाला. मग ओठ हलायला लागले. पहिल्या ओळीपासून अख्खा धडा पुटपुटत तो माझ्या बोटापर्यंत आला आणि ओरडला, "किल्ला!"

पोरगं हुशार आहे, पण ते वाचत नव्हतं. 'कि'ची वेलांटी लिहायची आधी, उच्चारायची नंतर. 'सूर्य'मधला र बसतो य च्या डोक्यावर, बोलायचा मात्र य च्या अगोदर. हे डोळ्यांत मुरायला वेळ लागतो. त्यात मराठीतल्या 'चोर'चा च वेगळा आणि हिंदीतल्या 'चोर'चा वेगळा, अक्षर तेच. लिपी एक असल्यानेच गोंधळ वाढतो, आणि तो सहा वर्षांच्या मुलाने निस्तरायचा!

इंग्लंडमध्ये २०१२ पासून पाच-सहा वर्षांच्या मुलांची जूनमध्ये वाचन तपासणी होते. एकेका मुलाला जवळ बसवून ४० शब्द वाचायला देतात. त्यातले २० शब्द चक्क निरर्थक असतात, शेजारी कुठल्याशा विचित्र प्राण्याचं चित्र, जणू ते त्याचंच नाव. तिथे पाठांतर चालत नाही. माझ्या लेकीच्या वेळी मला याचा रागच आला होता. तपासणी जवळ आली की गोष्टीची पुस्तकं मागे पडतात, आणि ते मला आजही चुकीचं वाटतं. पण भाच्याचे हलणारे ओठ पाहिले आणि ते निरर्थक शब्द कशासाठी, हे लख्ख कळलं.

आपल्याकडे 'असर' या शिक्षणाच्या सर्वेक्षणाचे कार्यकर्ते २००५ पासून घरोघरी जाऊन मुलांपुढे दुसरीच्या पातळीचा उतारा ठेवतात. पण ते सर्वेक्षण झालं. हे काम वर्गात, रोजच्या बाईंकडून व्हायला हवं. भाच्याच्या शाळेत चार इयत्ता आणि दोन बाई आहेत. तिसरी भाषा कितवीपासून, हे ठरवण्याआधी एकेका मुलाचं वाचन ऐकायला त्या बाईंना आठवड्यातून दहा मिनिटं कुठून मिळणार, हे शिक्षण खात्याने सांगावं.