डॉक्टरांच्या अर्धांगाने स्वतःचा परिचय कसा लिहावा

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार यांपैकी कोणत्याही जिल्ह्यात आपला विवाह डॉक्टरांशी झाला असेल, तर आज ना उद्या कोणीतरी आपला क्रमांक डॉक्टर-पत्नींच्या व्हॉट्सॲप समूहात टाकते आणि पाठोपाठ ‘नवीन सदस्यांनी आपला, कुटुंबाचा आणि घरच्या पाळीव प्राण्यांचा परिचय द्यावा’ असा प्रेमळ हुकूम येतो. हा परिचय मनात येईल तसा लिहून चालत नाही.

सर्वप्रथम, स्वतःच्या नावाने सुरुवात करण्याचा मोह टाळावा. ‘आमचे डॉक्टर’ हे शब्द आरंभी येऊ द्यावेत आणि मग पदव्या लिहाव्यात. आंतरवासिता धरून एमबीबीएसची साडेपाच आणि पुढे एमडीची तीन वर्षे त्यांनी एकट्याने काढलेली असली, तरी ‘आम्ही एमबीबीएस धुळ्याला केले’ असे अनेकवचनी लिहिण्याची रीत आहे. उलट आपण स्वतः जळगावच्या विद्यापीठातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या असाल, तर ती बाब कंसात टाकावी किंवा, समूह फारच मोठ्या घरांतला असेल तर, वगळावी. या विद्यापीठाला २०१८ मध्ये ज्या बहिणाबाईंचे नाव देण्यात आले, त्यांना अक्षरओळख नव्हती, तरीही त्यांचे नाव खानदेशभर राहिले. आपल्याला लिहिता येते, त्यामुळे आपल्याकडून एवढा संकोच अपेक्षित आहे.

परिचयाचा एक व्यावहारिक लाभही ध्यानात ठेवावा. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरांना स्वतःची जाहिरात करता येत नाही. दवाखाना सुरू झाला, पत्ता बदलला, रजेवरून परतलो, अशा मोजक्याच गोष्टी त्यांनी वर्तमानपत्रात कळवाव्यात, असा दंडक आहे. पत्नीने कौतुक करण्यावर मात्र कोणत्याही परिषदेने बंदी घातलेली नाही. त्यामुळे ‘डॉक्टरांना घरी जेवायलाही वेळ मिळत नाही, चोपडा-यावलपासून रुग्ण येतात, परवाच दुर्बिणीतून अवघड शस्त्रक्रिया केली’ हे वाक्य तक्रारीच्या सुरात लिहावे, म्हणजे ते संसाराचे दुःख ठरते.

कुटुंबाबद्दल फार लिहू नये. मुलगा कोट्याला ‘नीट’ची तयारी करतो, एवढे पुरे, ही तयारी त्याची कितवी, हे विचारण्याइतके उद्धट समूहात कोणी नसते, कारण प्रत्येकीचा एक मुलगा कोट्याला असतोच. सासू-सासरे घरात अहिराणी बोलतात, याचा उल्लेख टाळून ‘घरात संस्कारांचे वातावरण आहे’ असे लिहावे. सासऱ्यांच्या केळीच्या मळ्याला ‘फार्महाऊस’ म्हणावे आणि हिवाळ्यात तिथे कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून जी भरीत-पार्टी होते, तिचे छायाचित्र जोडावे. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर लागत नाही, हा त्या मळ्याचा दुसरा गुण छायाचित्रात येत नाही, हे उत्तमच.

परिचयाचा खरा गाभा म्हणजे कुत्रा. त्याच्यासाठी स्वतंत्र परिच्छेद राखून ठेवावा आणि तो गावठी असल्यास आधी बदलावा. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांना जाऊन भिडतो, म्हणून येथील डॉक्टरांनी सायबेरियन हस्की पाळणे इष्ट समजले जाते. बर्फात स्लेज ओढण्यासाठी जोपासलेल्या या जातीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. साहजिकच त्याला वातानुकूलित खोली द्यावी लागते आणि वीज गेल्यास रुग्णालयाच्या जनरेटरची एक तार तिकडे ओढावी लागते. खाली जनरल वॉर्डात बारा खाटांना मिळून चार पंखे आहेत, ही माहिती परिचयात अप्रस्तुत आहे. कुत्र्याचे नाव, वय, वंशावळ आणि आवडता खाऊ हे मात्र तपशिलाने लिहावे. त्याने कंपाउंडरला चावा घेतला असेल आणि बिचाऱ्याला शून्य, तीन, सात, चौदा आणि अठ्ठावीस या दिवशी लस टोचून घ्यावी लागली असेल, तर ‘ब्रूनो फार मायाळू आहे, लाडाने हात तोंडात धरतो’ असे लिहिण्यास हरकत नाही. तो फक्त इंग्रजी आज्ञा ऐकतो, हेही सांगावे. वास्तविक तो सासऱ्यांच्या ‘आठे ये रे’ या हाकेलाच धावतो, कारण कळण्याच्या भाकरीचा तुकडा तेच टाकतात. पण सासऱ्यांचा परिच्छेद आपण आधीच आटोपलेला आहे.

पत्नी डॉक्टर आणि आपण पती, असा उलट योग असल्यास हा समूह आपल्यासाठी नाही आणि दुसरा समूह अस्तित्वात नाही. अमळनेरच्या एखाद्या शाळेत आपण गणित शिकवत असाल, तर ते लिहिण्याची गरज पडणार नाही. गावाने आपल्याला केव्हाच ‘डॉक्टरसाहेब’ म्हणायला सुरुवात केली आहे आणि पारावर आपल्याकडे तापाचे औषधही विचारले जात आहे. नकार देऊ नये, कारण कोणी विश्वास ठेवत नाही.

आता काय लिहू नये, ते. नर्सिंग होमच्या नोंदणीचे दर तीन वर्षांनी होणारे नूतनीकरण आपण करता. दवाखान्याच्या कचऱ्यातले पिवळ्या पिशवीत काय जाते आणि लाल पिशवीत काय, हे नव्या आयाबाईंना आपण शिकवता. गर्भलिंगनिदान-बंदीच्या कायद्यापायी भराव्या लागणाऱ्या सोनोग्राफीच्या ‘एफ’ अर्जातला एक रिकामा रकाना किती महागात पडतो, हे डॉक्टरांपेक्षा आपल्याला अधिक ठाऊक आहे. विमा कंपनीने परत पाठवलेली फाईल आपण तिसऱ्यांदा भरता आणि रात्री दोन वाजता नातेवाइकांचा जमाव काच फोडायच्या बेतात असतो, तेव्हा जिन्यावर उभे राहून त्यांना ‘दादा, भाऊ’ करत शांत आपणच करता. एवढ्या कामाला बाहेर व्यवस्थापक पगार मागतो. परिचयात या साऱ्यासाठी ‘गृहिणी’ हा शब्द राखून ठेवलेला आहे. फार वाटलेच तर पुढे ‘डॉक्टरांना थोडीफार मदत करते’ एवढे जोडावे, ‘थोडीफार’ मात्र विसरू नये.

परिचय टाकल्यावर पहिल्या तासात तीस-चाळीस फुले, जोडलेले हात आणि ‘ब्रूनो किती गोड’ असे अभिप्राय येतील. त्यानंतर पाचोऱ्याच्या कोणी ताई खासगीत लिहितील की सासूबाईंच्या गुडघ्यांना सूज आहे, साखरही आहे, तर दुखण्याची गोळी चालू ठेवावी का. इतक्या वर्षांत आपण हा प्रश्न आणि त्याचे उत्तर असंख्य वेळा ऐकलेले आहे. किडनीची तपासणी केल्याशिवाय ती गोळी रोज घेऊ नये, हे आपल्या बोटांवर तयार असते. तरीही ‘डॉक्टरांना विचारून सांगते हं’ असे लिहावे, भ्रमणध्वनी पालथा ठेवून कुकरच्या तीन शिट्ट्या होऊ द्याव्यात आणि मग तेच उत्तर ‘डॉक्टर म्हणाले’ असे लिहून पाठवावे.