बीसीजीची लस दिलीय, मग टीबी कसा होईल? – कमेंटला उत्तर

दादा, माझ्या टीबीच्या पोस्टवरची तुमची कमेंट दोनदा वाचली, राग नाही आला खरंच. तुमचं म्हणणं, मी साध्या खोकल्याचा बाऊ करते, तुमच्या आईंचा महिन्याभराचा खोकला दरवर्षीचा थंडीतला आहे, रक्त-बिक्त काही पडत नाही, आणि ३ वर्षांच्या मुलाला बीसीजी दिलीय म्हणजे त्याचा तर प्रश्नच नाही.

एक चूक मान्य. रक्ताळलेल्या रुमालाचा फोटो मी सगळ्यात वर टाकला, तो सिनेमातला टीबी झाला, काढलाय आता. बऱ्याच पेशंटना रक्त पडतच नाही. २ आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळी कसकस, रात्री घाम, भूक मेलेली, कपडे सैल व्हायला लागलेले, आणि तेही सगळं एकदम असेलच असं नाही.

पण बीसीजी मुलांना मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या टीबीपासून बऱ्यापैकी वाचवते, फुफ्फुसाच्या टीबीची गॅरंटी नाही देत. माझी पुतणी ४ वर्षांची, तिलाही दिली होती. खोकला नावाला नाही, फक्त ६ महिने वजन १२ किलोवर अडकलेलं आणि खेळ सोडून आईच्या मांडीवर पडून राहायची. डॉक्टर म्हणाले टॉनिक द्या, आम्ही ३ बाटल्या पाजल्या. मग मानेला गाठी लागल्या हाताला, आजी गंडमाळ म्हणायची तसल्या. इकडे सासऱ्यांचा 'विडीचा खोकला' ३ महिने चालू, त्याकडे कुणी बघितलंच नाही, आणि तोच टीबी निघाला. लहान पोरं बेडका थुंकत नाहीत, गिळतात, म्हणून सकाळी उपाशीपोटी नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढलं नि सीबीनॅट या टीबीचे जंतू शोधणाऱ्या तपासणीला पाठवलं (ते रडणं अजून कानात आहे), त्यात सापडला. ६ महिने गोळ्या घेतल्या, आता दिवसभर अंगणात असते.

आईंना शुगर आहे हे तुम्हीच लिहिलंय, शुगरवाल्यांना टीबीचा धोका २-३ पट असतो. थुंकी तपासायला द्या, सरकारी दवाखान्यात फुकट होते, उठल्या उठल्या खोल खोकून काढलेली, नुसती लाळ नको. पॉझिटिव्ह आली तर मुलालाही दाखवा, त्याला काही होत नसलं तरी, ५ वर्षांच्या आतल्यांना आजार नसेल तर प्रतिबंधाच्या गोळ्या देतात. आणि थुंकी, एक्सरे दोन्ही क्लिअर निघालं तर इथे येऊन मला खुशाल शिव्या घाला, डिलीट नाही करणार.