मुलांवर संशोधन करू इच्छिणाऱ्यांसाठी काही सोयीस्कर सूचना

मुलांवर संशोधन करण्याचे आपण ठरवले असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. प्रौढ माणसे फार शंका विचारतात, वेळ नाही म्हणतात आणि अर्ध्यातून उठून जातात. त्या मानाने अख्खा वर्ग पेन हातात घेऊन आयता समोर बसलेला मिळणे ही प्रबंध लिहिणाऱ्यावर झालेली कृपाच म्हणायची. जो प्रश्न प्रौढांवर अभ्यासता येतो त्यासाठी मुलांना वेठीस धरू नये, असा एक संकेत आहे. तो गैरसोयीचा असल्यामुळे त्याचा विचार करू नये.

पालकांची संमती मात्र जरूर घ्यावी. त्यासाठी ‘हरकत असल्यास अमुक तारखेपर्यंत कळवावे, अन्यथा संमती गृहीत धरली जाईल’ अशी चिठ्ठी छापावी आणि ती तारीख उलटून गेल्यावर वाटावी. अशी एक चिठ्ठी नुकतीच माझ्या मुलीच्या दप्तराच्या तळाशी सापडली, तेव्हा प्रश्नावली भरून संशोधकांच्या कपाटात जाऊनही पोहोचली होती. चौकशी केल्यावर त्या विद्वानांनी मला धीर दिला : ‘अहो, साधी प्रश्नावली आहे, इंजेक्शन थोडेच टोचले?’

इतिहास वाचू नये. वाचलाच, तर 1939 साली अमेरिकेतील आयोवा येथे अनाथाश्रमातल्या 22 मुलांवर झालेला प्रयोग तेवढा वगळावा. तिथेही कोणी इंजेक्शन टोचले नव्हते. नीट बोलणाऱ्या काही मुलांना फक्त ‘तू अडखळतोस’ असे पुन्हा पुन्हा सांगण्यात आले आणि त्यातली काही मुले बोलायलाच कचरू लागली. ज्यांच्या संशोधकांनी हा प्रयोग केला त्या आयोवा विद्यापीठाने माफी मागितली ती 2001 साली, म्हणजे मुले म्हातारी झाल्यावर. न्यूयॉर्कच्या विलोब्रूक येथील मतिमंद मुलांच्या संस्थेत तर मुद्दाम काविळीचा संसर्ग घडवला जात होता आणि त्यासाठी पालकांच्या सह्याही होत्या. संस्थेत नव्या मुलांसाठी जागा उरली नव्हती, पण प्रयोगाच्या विभागात खाटा होत्या, एवढेच. अडलेल्या आईबापांची सही मिळवणे किती सोपे असते, हे यावरून शिकण्यासारखे आहे.

बक्षीस असे ठेवावे की मुलाला नाही म्हणणे परवडू नये.

आता खुद्द मुलाच्या होकाराविषयी. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमात मुलाचे म्हणणे त्याच्या वयाला आणि समजेला अनुसरून विचारात घ्यावे असे म्हटले आहे, म्हणून विचारल्यासारखे करावे. वर्गशिक्षक शेजारी उभे असावेत, घंटा व्हायला दहा मिनिटे उरलेली असावीत आणि मग प्रेमळ आवाजात म्हणावे, ‘ज्यांना भाग घ्यायचा नाही त्यांनी हात वर करा.’ एकही हात वर होत नाही. ज्या जागेत पाणी प्यायला जाण्यासाठीही परवानगी मागावी लागते, तिथे कोणते मूल पाहुण्यांना तोंडावर नकार देईल? मधूनच थांबता येते, एखादा प्रश्न कोरा सोडता येतो, नकार दिला म्हणून गुण कापले जात नाहीत, हे त्यांना सांगायला किती वेळ लागला असता? पहिल्या पानावर नाव, तुकडी आणि हजेरी क्रमांक लिहून घ्यायचा, त्याखाली ‘तुमची उत्तरे पूर्णपणे गोपनीय राहतील’ असे छापायचे आणि तिसऱ्या पानावर ‘जीव द्यावा असे कधी वाटले आहे का?’ असे विचारायचे! ज्या मुलाने त्यापुढे ‘हो, बरेचदा’ अशी खूण केली, त्याचा कागद त्या दिवशी कोणी उघडून पाहिला? कोणीही नाही. तो गठ्ठ्यात गेला, कारण आकडे पुढच्या सत्रात संगणकात भरायचे होते. अनामिक ठेवायचे होते तर नावे कशाला घेतली, आणि नावे घेतली होती तर त्याच दिवशी त्या मुलापर्यंत का पोहोचला नाहीत?

संशोधन नीतीला धरून आहे का हे तपासणाऱ्या नैतिकता समितीची मंजुरी होती, असे मला सांगण्यात आले. असेलही. मंजूर झालेल्या कागदावर समुपदेशकाचे नाव होते. वर्गात समुपदेशक नव्हता.

उपरोध पुरे. संशोधक महाशय, प्रश्नांनी मुले बिघडतात असे माझे म्हणणे नाही. हे विषय अभ्यासले जायलाच हवेत, आणि मुलांना विचारल्याशिवाय ते कळणार नाहीत. पण गोपनीयतेचे वचन देताना त्याची मर्यादाही त्यांना आधीच सांगायची असते, की तुझ्या जिवाला धोका दिसला तर मला ते योग्य माणसाला सांगावेच लागेल. एवढे स्पष्ट बोलण्याचे धैर्य नसेल, तर मुलांना असले प्रश्न विचारू नका. पदवी तुमची, घाई तुमची, आणि जोखीम मात्र पोरांनी घ्यायची, हा निर्लज्जपणा आहे. आज पहिले काम म्हणजे तो गठ्ठा सोडा, तिसरे पान काढा आणि कोणी ‘हो’ लिहिले आहे ते बघा.