मुंबई विद्यापीठ कोणाच्या पैशातून उभं राहिलं?

मुंबई विद्यापीठाचा स्थापना दिन जवळ आला की एक मेसेज हमखास येतो: ‘भारतातलं हे पहिलं विद्यापीठ इंग्रजांनी 1857 मध्ये स्वखर्चानं बांधून दिलं. राजाबाई टॉवरखाली वर्ग भरू लागले, तेव्हा आपल्या लोकांना शिक्षणाचं मोलही ठाऊक नव्हतं.’ यातलं फक्त साल बरोबर आहे.

‘पहिलं’ हा मुद्दा लगेच निकालात निघतो. कलकत्ता विद्यापीठाचा कायदा त्याच वर्षीच्या 24 जानेवारीचा, मुंबईचा 18 जुलैचा.

वर्गांचं म्हणाल, तर सुरुवातीला विद्यापीठ शिकवतच नव्हतं. परीक्षा घ्यायची आणि पदव्या द्यायच्या, एवढंच त्याचं काम. शिकवायची कॉलेजं. रानडे, भांडारकर, मोडक आणि वागळे हे पहिले चार बी.ए. 1862 मध्ये बाहेर पडले, तेव्हा टॉवरचा पायाही खणला नव्हता. पदवीदान सभागृह झालं 1874 मध्ये, टॉवर 1878 मध्ये.

आता पैशाचं. हे खोटं मला सगळ्यात जास्त लागतं. कायदा सरकारनं केला, आराखडा लंडनच्या गिल्बर्ट स्कॉट यांचा, हे मान्यच. पण सभागृहासाठी एक लाख रुपये दिले कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी. ग्रंथालयासाठी दोन लाख आणि टॉवरसाठी आणखी दोन लाख दिले कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी, 1864 मध्ये. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचा भाव आभाळाला भिडला होता, तेव्हाचा हा पैसा. पुढच्याच वर्षी बाजार कोसळला आणि प्रेमचंदही त्यात बुडाले. टॉवरला नाव मात्र त्यांच्या आईचं, राजाबाईंचं, मिळालं ते कायमचं. कावसजी आणि प्रेमचंद या दोघांचा त्या मेसेजमध्ये साधा उल्लेखही नसावा?

आणि शिक्षणाचं मोल? 1827 मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टन परत निघाले, तेव्हा इथल्या लोकांनी दोन लाखांहून जास्त वर्गणी गोळा केली, ती उच्च शिक्षण देणारे प्राध्यापक नेमता यावेत म्हणून. एल्फिन्स्टन कॉलेजचं मूळ त्या वर्गणीत आहे. विद्यापीठाच्या कायद्याला तेव्हा तीस वर्षं अवकाश होता.

कधी टॉवरपाशी गेलात तर घड्याळाकडे बघून पुढे जाऊ नका. थोडं थांबून दगडी पुतळे पाहा. पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातीजमातींची ती माणसं आहेत, प्रत्येकाचा पेहराव वेगळा. त्यांचे नमुने घडवले रावबहादूर मुकुंद रामचंद्र या इथल्याच अभियंत्यानं. स्कॉट तर मुंबईत कधी आलेही नव्हते.