आवाज येतोय का?

मन मोकळं करायला आधी घरात एक मोकळी खोली लागते, हे ऑनलाइन समुपदेशन सुरू करताना कुणी सांगत नाही. ‘घरबसल्या थेरपी’ म्हणतात त्यात थेरपीचा काहीच त्रास नाही, सगळा त्रास घराचा. ज्या माणसांविषयी बोलायचं असतं ती सगळी भिंतीपलीकडे बसलेली. कान टवकारून नसतील, पण कान तर असतातच ना!

मुरलेले लोक उभ्या गाडीत बसून बोलतात असं कळलं, म्हणून तेही करून पाहिलं. पण येणारा-जाणारा काचेतून डोकावतो आणि आत एक पोक्त गृहस्थ स्टीअरिंग घट्ट धरून फोनला सांगत असतो, “लहानपणापासूनच मला कुणी विचारत नाही.” त्यानंतर मी बेडरूममध्ये आलो. दार बंद, पंखा पाचवर, कानात इअरफोन.

आमच्या मॅडम रीतसर परवानाधारक. नोंदणी क्रमांक मी तपासून घेतला होता. माणसाने निदान आपली दुखणी तरी अधिकृत ठिकाणी सांगावीत. पहिल्याच सेशनला त्यांनी विचारलं, “आत्ता तुम्ही कुठे आहात?” प्रश्न भलताच खोल वाटला. मी डोळे मिटले, आयुष्याचा आढावा घेतला आणि म्हणालो, “एका वळणावर.” मॅडमना पत्ता हवा होता. एक तर त्यांचा परवाना ठरावीक हद्दीपुरताच चालतो, आणि मध्येच काही बरंवाईट झालं तर मदत पाठवायची कुठे, हे त्यांना माहीत असावं लागतं. म्हणून जवळच्या माणसाचा नंबरही घेतात. मी बायकोचा दिला. ती तशीही जवळच होती, दाराला लागून.

त्याआधी एक प्रश्नावली भरून द्यायची होती. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला का, झोप लागली का, असे नऊ प्रश्न. प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 27. इथे जितके गुण जास्त तितकी तब्येत वाईट, आणि मार्कांवर पोसलेल्या माणसाला हे पचत नाही. मला 14 मिळाले. श्रेणी : मध्यम. शाळेतही हेच असायचं. (नववा प्रश्न मात्र जिवाशी संबंधित असतो. तो खरा खराच भरायचा; तिथे मीही गंमत करत नाही.)

मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्याने 1913 साली लिहून ठेवलंय की रोज आठ-आठ तास लोकांनी आपल्याकडे टक लावून बघणं त्याला सोसत नाही. म्हणून रुग्ण कोचावर आडवा आणि हा त्याच्या डोक्यामागे खुर्चीत. मला हे वाचून फ्रॉइडचा हेवा वाटला. कारण स्क्रीनवर मॅडम माझ्याकडे बघतात आणि कोपऱ्यातल्या चौकोनातून मीही माझ्याकडेच बघत बसतो. वडिलांविषयी बोलताना एकदा डोळे भरून आले, आणि त्याच क्षणी मनात आलं की डाव्या बाजूने आपण फारच सुजलेले दिसतो. पुढचं सगळं दुःख मी उजवीकडे वळून केलं. नजरेला नजर तर कधी भिडतच नाही. मॅडमनी कॅमेऱ्यात पाहिलं तर त्यांना मी दिसत नाही, आणि माझ्याकडे पाहिलं तर त्या माझ्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाशी बोलताहेत असं वाटतं. शेवटी त्यांनीच सांगितलं, “तो स्वतःचा चौकोन लपवता येतो.” त्या दिवसापासून मी बराच मोकळा बोलायला लागलो.

सगळ्यात बिकट प्रकार शांततेचा. समोरच्याने बोललं की लगेच उत्तर द्यायचं नाही, थांबायचं, म्हणजे आतलं आणखी काही वर येतं, ही त्यांची शिकलेली विद्या. प्रत्यक्ष खोलीत ती शांतता कळत असेल. इथे मॅडम गप्प आणि निश्चल दिसल्या की ही समुपदेशकाची शांतता आहे की नेट गेलंय, काही कळत नाही. “आवाज येतोय का?” विचारावं तर गंभीर क्षणाचा विचका. न विचारावं तर आपण आयुष्यातलं सगळ्यात अवघड वाक्य एका गोठलेल्या चित्राला सांगून मोकळे. मी हल्ली त्यांच्या पापण्या मोजतो. पापणी लवली, की शांतता खरी.

“तुम्हाला असं का वाटतं?” हे त्यांनी इतक्यांदा विचारलं की समोर खरंच माणूस आहे ना, अशी मला शंका यायला लागली. 1966 साली वायझेनबाम नावाच्या प्राध्यापकाने एलायझा हा गप्पा मारणारा कॉम्प्युटर प्रोग्राम दाखवला होता. तो नेमकं हेच करायचा, आपलंच वाक्य उलटून प्रश्न करायचा. पण मॅडमनी एकदा, मी पूर्वी कधीतरी ओझरतं बोललेलं वाक्य माझ्याच समोर ठेवलं. मग पटलं की ही बाई नुसती ऐकत नाही, लिहून ठेवते.

गृहपाठही असतो. अ‍ॅरन बेक या मानसोपचारतज्ज्ञाने 1960च्या दशकात घडवलेल्या, आपलेच विचार तपासून बघायच्या पद्धतीतला तक्ता : मनात आलेला विचार, त्याच्या बाजूचे पुरावे, विरुद्धचे पुरावे. माझी नोंद अशी : साहेबांनी मेसेजला ‘ओके.’ असं उत्तर दिलं. विचार : नोकरी गेली. बाजूचा पुरावा : पूर्णविराम. विरुद्धचा पुरावा : साहेब वाढदिवसाच्या शुभेच्छांनाही ‘ओके.’च म्हणतात. कागदावर उतरल्यावर ती भीती इतकी केविलवाणी दिसली की त्या रात्री मला झोप लागली.

गोपनीयतेचं वचन तर लेखी मिळतं. कुणाच्या जिवाला धोका किंवा न्यायालयाचा आदेश अशी मोजकी कारणं सोडली, तर मॅडम तोंड उघडणार नाहीत. पण हे बंधन मॅडमवर, दारावर नाही. एकदा त्यांनी विचारलं, “शेवटचं मनापासून कधी चिडलात?” मी आठवतोय तोवर बाहेरून उत्तर आलं, “आज सकाळीच. टॉवेलवरून.”

पन्नास मिनिटांच्या सेशनमध्ये मी पंचेचाळीस मिनिटं ऑफिसवर काढतो आणि खरा विषय शेवटच्या पाचात काढतो. हे म्हणे सगळेच करतात. परवा तसंच झालं. “इथूनच पुढच्या वेळी सुरू करू,” म्हणून मॅडम गेल्या. दवाखान्यातून निघालेल्याला जिना असतो, घरापर्यंतचा रस्ता असतो. मी लॅपटॉप मिटला आणि लाल डोळ्यांनी थेट बायकोसमोर.

“काय म्हणाल्या?”

“ते गोपनीय असतं.”

“बरं.” थोडा वेळ ती काही बोलली नाही. पापणी लवत होती. “मलाही बोलायचंय कुणाशी तरी. त्यांचा नंबर दे.”

मी समजावलं की नवरा-बायको दोघांनाही वेगवेगळं घेणं त्या बहुधा टाळतात.

“मग त्या माझ्या,” ती म्हणाली. “तू दुसऱ्या शोध.”